बंदूक परवान्याची, मग काडतूस घरचं का नको?
(रत्नागिरी येथील बैठकीत झालेले भाषण)



यवतमाळ, अकोला, परभणीकडून तुम्ही इतक्या लांब आलात. कोकण म्हणजे आंबा, काजू, नारळ, इथल्या शेतकऱ्याला कसलं दुःख, असं तुमच्यातल्या काहींना वाटत होतं. काल आम्ही तुम्हाला भाताची खाचरं दाखवली. दाणा भरला आणि एका रात्रीत डुकरांनी लोळून सगळं आडवं केलं. तुमच्यातलेच एक काका बांधावर उभे राहून म्हणाले, "हे तर आमच्या ज्वारीसारखंच झालं." तुमच्याकडे रोही आणि रानडुक्कर, आमच्याकडे रानडुक्कर, माकड आणि गवा. पेरायचं आपण, राखायचं आपण आणि खायचं दुसऱ्यानं.

काल रात्री एका भावानं प्रश्न विचारला. "तुमच्याकडे गावागावांत शेतीसंरक्षणाच्या बंदुका आहेत. काडतूस महाग, वेळेवर मिळत नाही. रिकामी कवचं घरात पडलेली असतात. ती घरीच भरली तर काय बिघडलं? सामान कोणतं घ्यावं तेवढं सांगा." प्रश्न मनापासूनचा आहे. आपण तो टाळणार नाही.

काडतुसात पाच वस्तू असतात. कवच, बुडाची टोपी, दारू, डाट आणि छर्रे. पाचही एकमेकांशी जुळाव्या लागतात. टोपी बदलली तर दारू पेटण्याचा वेग बदलतो. डाट सैल बसली तर छर्रा नेम सोडतो, घट्ट बसली तर दाब वाढतो. एकदा उडालेल्या कवचाचं तोंड मऊ पडतं, कडा चिरते. कागदी कवच असेल तर कोकणातल्या पावसाळ्यात ते दमट होऊन फुगतं आणि बंदुकीत अडकतं.

सगळ्यात मोठा घोळ दारूचा. काळी दारू ही ठासणीच्या बंदुकीची. ती पेटली की धूर होतो. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू ही वेगळीच जात आहे. थोड्या जागेत ती कितीतरी जास्त दाब करते. ती ग्रॅमच्या अंशांत तोलावी लागते, चिमटीनं किंवा टोपणानं मोजून चालत नाही. तीच दारू कुणी ठासणीच्या नळीत भरली तर नळी फाटते. आम्ही शेतकी पदवी घेतलेली माणसं. खताची मात्रा चुकली तर पीक पिवळं पडतं, पुढच्या हंगामात सुधारता येतं. इथं मात्रा चुकली तर सुधारायला हात शिल्लक राहत नाही. इथल्याच एका गावातल्या माणसाला आम्ही ओळखतो. घरी भरलेल्या बारानं त्याची दोन बोटं गेली. डुक्कर मात्र निघून गेलं. त्या घरात आता भातलावणीला मजूर लावावा लागतो. वाचवलेले पैसे आणि गेलेली बोटं, हा हिशेब तुम्हीच मांडा.

आता कायद्याचं. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे बंदूक बाळगायचा परवाना, कारखाना काढायचा नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५ मोडून दारूगोळा बनवणाऱ्याला कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. डुक्कर शेत खाऊन मोकळं आणि शेतकरी तुरुंगात, असा सौदा आपल्याला नको.

मग सामान निवडायचं नाही, पण काडतूस निवडता आलं पाहिजे. पुण्याजवळच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे. बारा बोअरची काडतुसं तिथं बनत आली आहेत. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, ती बारा बोअर. घेताना दोन गोष्टी पाहा. पहिली लांबी. आजोबांच्या वेळच्या बऱ्याच बंदुकांचं घर ६५ मिलिमीटरचं असतं, आजची पुष्कळ काडतुसं ७० ची. लांब काडतूस आखूड घरात बसतं, म्हणून माणूस फसतो. उडताना त्याचं तोंड पुरतं उघडत नाही आणि दाब वाढतो. घर किती लांबीचं ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. दुसरी गोष्ट छर्रा. नंबर मोठा तितका छर्रा बारीक. बारीक छर्ऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होतं, आणि जखमी डुक्कर अंगावर येतं.

आणि बंदूक आहे म्हणून मारायची मोकळीक आहे, असंही समजू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असेल तर डुक्कर किंवा रोही मारायची लेखी परवानगी अधिकृत वनाधिकारी देऊ शकतो. गवा आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत, पिकासाठी त्यांना हात लावता येत नाही. फासकी लावू नका, त्यात बिबट्या अडकतो. कुंपणात वीज सोडू नका, त्यात शेजाऱ्याचं पोर मरतं.

म्हणजे काय, हात बांधून बसायचं? नाही. घरी काडतूस भरायची पाळी ज्या कारणांनी येते, ती कारणं मोडायची. त्यासाठी आपलं मागणं चार ओळींचं आहे.

एक. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येच लिहिलंय की खऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ती पुरत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. ही मेहेरबानी नव्हे. अर्ज वर्षानुवर्षं दाबून ठेवू नका.

दोन. परवान्यावर मंजूर असलेली काडतुसं पेरणी ते काढणी या काळात तालुक्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजेत.

तीन. निवडणूक आली की सरसकट बंदुका जमा करून घेतात, आणि डुक्कर काही आचारसंहिता पाळत नाही. प्रत्येक परवान्याचा वेगळा विचार करावा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये सांगितलं आहे. ते पाळा.

चार. मारायची परवानगी गावाजवळ मिळावी. केरळनं २०२२ मध्ये रानडुकरांबाबत हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे दिला. तिथं जमतं, मग इथं काय अडतं?

आणि एक काम आपलं. नुकसान झालं की त्याच दिवशी फोटो काढा, वनखात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पंचनामा करून घ्या. भरपाई पुरेशी नसते, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कागद नसेल तर सरकार म्हणतं, तुमच्याकडे डुकरंच नाहीत.

गावी गेल्यावर घरात भरलेली काडतुसं किंवा दारू कुणी ठेवली असेल, तर त्याला बाजूला घेऊन हे सांगा. चारचौघांत लाजवू नका. त्यानं ते शौकानं केलेलं नाही, ज्वारी वाचवायला केलंय. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावानं दोन आकडे आणायचे: परवान्याचे किती अर्ज पडून आहेत, आणि नुकसानीचे किती अर्ज दिले. ते आकडे घेऊन आपण कलेक्टर कचेरीच्या दारात उभे राहू.