डॉ. केशव बळीराम हेडगेवार : व्यवसाय न केलेले डॉक्टर
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



ज्यांनी कधी दवाखाना थाटला नाही, अशा डॉक्टरांविषयी रुग्णालयाच्या सभेत बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. तरीही आज आम्ही राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या संस्थापकांचे चरित्र निवडले आहे.

केशवरावांचा जन्म १ एप्रिल १८८९ रोजी, वर्षप्रतिपदेला, नागपुरात झाला. घराणे मूळचे तेलंगणातील कंदकुर्तीचे, वृत्ती पौरोहित्याची. १९०२ साली प्लेगच्या साथीत वडील बळीरामपंत आणि मातोश्री रेवतीबाई एकाच दिवशी गेले. मुलगा तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा. प्लेगवर त्या काळी खात्रीचे औषध नव्हते. घरात उंदीर पडू लागले की माणसे गाव सोडून माळावर राहायला जात. एका दिवशी दोन तिरड्या उठलेल्या घरातील मुलगा पुढे वैद्यकाकडे वळला, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. अर्थात १९१० मध्ये कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात जाण्यामागे बंगालच्या क्रांतिकारकांशी संबंध जोडण्याचाही हेतू होता. ‘वंदे मातरम्’च्या घोषणेपायी नागपूरची शाळा त्यांना आधीच सोडावी लागली होती. कलकत्त्यात ते अनुशीलन समितीच्या संपर्कात आले. १९१३ च्या दामोदर नदीच्या महापुरात मदतकार्यासही गेले.

१९१४ मध्ये परीक्षा उत्तीर्ण होऊन ते यथावकाश नागपुरास परतले. घरची गरिबी होती, हाती विद्या होती. पण त्यांनी व्यवसाय केला नाही, विवाहही केला नाही. हा निर्णय आम्हां रुग्णालयवाल्यांना सहज पटत नाही. पाच वर्षे शिकलेला हात रुग्णाच्या नाडीवर असावा, असेच आम्हांला वाटणार. त्यांच्या मते मात्र दुखणे समाजाच्या विस्कळीतपणात होते. तो समाज म्हणजे हिंदू समाज, ही त्यांची मर्यादा अनेकांना तेव्हाही मान्य नव्हती, आजही नाही. आमच्या खाटांवर सर्व धर्मांचे रुग्ण असतात. म्हणून हा मतभेद आम्ही येथे झाकून ठेवीत नाही.

१९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये स्वयंसेवकांची व्यवस्था त्यांनी डॉ. ल. वा. परांजपे यांच्यासह पाहिली. १९२१ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात एक वर्षाची शिक्षा झाली. जुलै १९२२ मध्ये सुटका. १९२५ च्या विजयादशमीस संघाची स्थापना झाली.

१९३० चा प्रसंग विश्वस्तांनी विशेष ध्यानी घ्यावा. जंगल सत्याग्रहात उतरताना डॉक्टरांनी सरसंघचालकपदाची जबाबदारी परांजपे यांच्याकडे सोपविली आणि स्वतः व्यक्तिशः कारावास पत्करला. संघ संस्था म्हणून त्या लढ्यात उतरला नाही. यास कोणी दूरदृष्टी म्हणतात, कोणी अलिप्ततेचा दोष देतात. आम्हांला लक्षणीय वाटते ती एवढीच गोष्ट, की अवघ्या पाच वर्षांच्या संस्थेचे सर्वोच्च पद संस्थापकाने आपण होऊन दुसऱ्याच्या हाती दिले.

अखेरची वर्षे आजारपणात गेली. २१ जून १९४० रोजी, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, नागपुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९८९ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांच्या नावाचे रुग्णालय सुरू झाले. ते चालविणाऱ्या प्रतिष्ठानास नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे.