विदूषक मासा आणि समुद्रफूल



आपल्या नगरपासून मुंबईचा समुद्र सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. तरीही काचेच्या पेटीत मासे पाळण्याची हौस घाटावर केव्हाच पोहोचली. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, आणि समुद्रातले मासे काचेआड कसे राहतात हे इकडच्या मंडळींनीही पाहिले. पुढे २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा विदूषक मासा मुलांच्या ओळखीचा केला. हा मासा पाळणारा हमखास विचारतो, समुद्रफुलावाचून हा सुखी राहील काय? आज आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

समुद्रफूल दिसते फुलासारखे, पण आहे प्राणी. त्याच्या बोटांसारख्या शुंडांत विषारी डंख असतात. त्याच्या सुमारे हजार जातींपैकी अवघ्या १० जातींशी विदूषक माशाने संसार मांडला आहे. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे त्याला डंख बाधत नाही. शत्रू आला की तो शुंडांत शिरतो. मात्र तो फुकट राहत नाही. फूल कुरतडणाऱ्या माशांना तो हुसकावतो, आणि त्याच्या उत्सर्गातून फुलाला पोषण मिळते.

खुल्या समुद्रात फुलावाचून हा मासा तगत नाही. पेटीत मात्र त्याला खाणारे कोणी नसते. तमिळनाडूतील मंडपम येथील सरकारी संशोधन केंद्राने त्याची पैदास केली. आपल्या राज्यात ऐरोलीलाही तसे केंद्र उभे राहिले. पेटीत फूल नसले तरी हा मासा जोडी जमवतो, फरशीच्या तुकड्यावर किंवा कुंडीच्या कडेला अंडी घालतो, आणि नर त्यांची राखण करतो.

यावर कोणी म्हणेल, पिंजऱ्यातली कोंबडीही अंडी घालते. ती काय सुखी असते? आक्षेप रास्त आहे. अंडी हा सुखाचा दाखला नव्हे. म्हणून आम्ही माशाची वागणूक पाहावी असे म्हणतो. तो नीट खातो का? जोडीदाराबरोबर नांदतो का? आपली म्हणून एखादी जागा राखतो का? फूल नसेल तर तो मातीच्या कुंडीलाही घर मानतो. त्याला आसरा हवा, स्वच्छ खारे पाणी हवे, सोबत हवी. एवढे मिळाले तर तो वीस वर्षेही जगतो.

पण या प्रश्नात एक जीव आपण विसरतो, तो म्हणजे फूल. त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. त्याला प्रखर उजेड लागतो, आणि पाण्यातला थोडा बदलही फुलाला सोसत नाही. समुद्रात अनेक दशके जगणारे फूल नवख्याच्या पेटीत लवकर मरते, आणि मरताना पाणी नासवून माशांनाही धोक्यात घालते. माशाला सुख द्यावे म्हणून आणलेला दुसरा जीव असा हकनाक जातो.

तेव्हा आमचे उत्तर असे. पेटीतल्या माशाला फुलाची नड नाही. फुलाची हौस आपल्या डोळ्यांना आहे. ती हौस भागविण्याआधी त्या फुलाला जगविण्याची ऐपत व चिकाटी आपल्यापाशी आहे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. नसेल, तर फूल समुद्रातच राहू द्यावे आणि माशाला एक साधी कुंडी द्यावी.