सीडीतली भाजणी



ज्यांच्या घरी पंधरा-वीस वर्षांपूर्वी संगणक होता, त्यांना ‘फॉरमॅट मारणे’ हा शब्दप्रयोग नक्की आठवत असेल. संगणक मंदावला किंवा व्हायरस शिरला, की सगळं पुसून टाकायचं आणि विंडोज एक्सपीची सीडी घालून पुन्हा श्रीगणेशा करायचा. मग ड्रायव्हर, मग सर्व्हिस पॅक, मग आवडीचं चित्र, आवडीची रंगसंगती. अर्धा रविवार त्यातच जायचा.

एक्सपी २००१ साली आली. निळा पट्टा, हिरवं स्टार्ट बटण आणि मागे हिरवी टेकडी, हे तिचं रूप जगभर सारखंच. ते बदलायची हौस अनेकांना होती. रंगसंगती, चिन्हं, माउसचे बाण, सुरुवातीचा पडदा असं सगळं एकत्र बांधलेले सजावटीचे संच मिळू लागले. २००७ च्या सुरुवातीला व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा जुन्या एक्सपीला व्हिस्टाचा मुखवटा चढवणारे संच तर फारच लोकप्रिय होते.

मग हौशी मंडळींनी विचार केला, की ही सजावट दर वेळी नव्याने का करायची? सीडीतच का घालू नये? कृती अशी : मूळ सीडी हार्डडिस्कवर उतरवायची, त्यात सर्व्हिस पॅक मिसळायचा, ‘एनलाइट’सारख्या मोफत प्रोग्रॅमने सजावटीचा संच घालायचा, नको ते भाग काढायचे आणि सगळं सातशे एमबीच्या नव्या सीडीवर उतरवायचं. आपण भाजणी करतो ना, धान्यं निवडून, भाजून, एकदाच दळून आणतो, तसंच हे.

पण भाजणीची एक गोष्ट गृहिणींना चांगली ठाऊक असते. एकदा दळल्यावर पिठात काय काय आहे, हे दळण करणाऱ्यालाच माहीत!

२००७ मध्ये माझा भाचा अशीच एक सीडी कुठूनतरी घेऊन आला. “मामा, बघाच तुमचा संगणक कसा दिसतो ते!” आणि खरंच, काचेसारख्या चौकटी, चकचकीत चिन्हं. शेजारीपाजारी बघून गेले. पुढे जूनमध्ये माझ्या मुलीचा प्रवेशअर्ज छापायचा होता. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी. प्रिंटर काही केल्या चालेना. केबल बदलली, शाई तपासली. रात्री साडेअकराला उलगडा झाला. सीडी ‘हलकी’ करताना कुणीतरी छपाईची सेवाच उडवली होती. फायरवॉल बंद होती आणि सुरक्षेचे नवे अपडेटही येत नव्हते. दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेच्या दारात आम्ही शटर उघडण्याआधीच उभे होतो. अर्ज वेळेत गेला, पण मुलीचा रडवेला चेहरा मी विसरलेलो नाही.

दोष सजावटीचा नव्हता, हे मला नंतर समजलं. एक्सपीमध्ये ‘यूएक्सथीम’ नावाची एक फाइल असे. ती राखणदारासारखी. मायक्रोसॉफ्टची डिजिटल सही नसलेली रंगसंगती ती आत घेत नसे. बाहेरची सजावट चालावी म्हणून लोक हा राखणदारच बदलत. सुरुवातीचा पडदा तर विंडोजच्या गाभ्याच्या फाइलमध्येच असे. म्हणजे पडदा बदलायचा तर गाभ्याला हात लावावा लागे. जाणकार माणूस हे नीट करू शके. पण जो गाभ्यापर्यंत हात घालतो, तो आणखी काय ठेवून जाईल किंवा काढून घेईल, हे वरच्या रंगावरून कळत नाही.

मग मी स्वतःच सीडी करायला बसलो. माझी विकत घेतलेली मूळ सीडी, मूळ सर्व्हिस पॅक आणि मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये फुकट दिलेली काळ्या-केशरी रंगाची ‘झून’ रंगसंगती. तिच्यावर सही होती, त्यामुळे राखणदाराला हात लावायची गरज पडली नाही. मागे चित्र लावलं आमच्या गावच्या अंगणाचं. काढलं काहीच नाही. दोन कोऱ्या सीडी वाया गेल्या, तिसरी साधली. काय काय घातलं याची यादी एका कागदावर लिहून सीडीच्या पाकिटात ठेवली. ती यादीच खरी महत्त्वाची.

एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला. सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. पण सजवलेल्या, ‘हलक्या’ केलेल्या विंडोज आजही हातोहात फिरतात आणि आज त्याच संगणकावर आपलं बँकेचं खातं असतं. म्हणून विंडोज अधिकृत ठिकाणाहूनच घ्यावी. मायक्रोसॉफ्ट आपल्या विंडोज ११ च्या फाइलसोबत आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ देते. आपल्याकडच्या फाइलची ओळ काढून तिच्याशी ताडून पाहावी. शाळेत गणिताचा ताळा करायचो, तसाच हा ताळा. एक अक्षर जरी जुळलं नाही, तरी ती फाइल वापरू नये.

सजावट जरूर करावी. संगणक रोज डोळ्यांसमोर असतो, तो आपला वाटायला हवाच. फक्त दळण आपल्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)