वंशावळीतला कर्करोग

प्रत्येक कर्करोग आनुवंशिक नसतो. बहुसंख्य रुग्णांमध्ये तो वाढते वय, तंबाखू, आहार किंवा पेशींत योगायोगाने झालेले बदल यांमुळे उद्भवतो. मात्र मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांमध्ये त्याचे मूळ आईवडिलांपैकी एकाकडून आलेल्या जनुकदोषात असते, आणि त्या दोषाला लिंच सिंड्रोम असे नाव आहे. पेशीचे विभाजन होताना डीएनएची नक्कल तयार होते व त्या नकलेतील चुका दुरुस्त करण्याचे काम काही ठराविक जनुके करतात. एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६ आणि पीएमएस२ ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी एकाची एक प्रत जन्मतः सदोष असली आणि पुढे एखाद्या पेशीत दुसरी प्रतही निकामी झाली, तर तेथे चुका साचत जाऊन आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होऊ शकतो, तोही पुष्कळदा पन्नाशीच्या आत.

या दोषाच्या शोधाचा आरंभ एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या बोलण्यातून झाला. आपल्या घरातली बहुतेक माणसे पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली, तेव्हा आपणही त्यानेच जाणार, असे तिने १८९५ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे विकृतिशास्त्रज्ञ अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितले, आणि दुर्दैवाने ते खरे ठरले. वॉर्थिन यांनी त्या घराण्याची माहिती १९१३ साली प्रसिद्ध केली; १९६० च्या दशकापासून डॉ. हेन्री लिंच यांनी अशा घराण्यांचा चिकाटीने माग काढला, तरी जबाबदार जनुके हाती लागण्यास १९९३ साल उजाडले. तोवर मुख्य आधार होता तो घराण्यांच्या इतिहासाचाच.

आपल्याकडचा शेतकरी गाय घेताना तिच्या आईचे दूध किती होते, हे आवर्जून विचारतो. घरातल्या माणसांविषयी मात्र ‘आजोबा पोटाच्या दुखण्याने गेले’, ‘आत्याची पिशवी काढली’ एवढेच ऐकू येते. गाठ कोणत्या अवयवाची होती आणि त्या वेळी वय काय होते, हे कोणी सांगत नाही. आईच्या माहेरची माहिती तर बहुधा हरवलेलीच असते, वास्तविक हा दोष आईकडून येण्याची शक्यता वडिलांइतकीच असते. मुलामुलींच्या सोयरिकीत अडथळा येईल या भीतीने पुष्कळ घरे गप्प राहतात. ती भीती समजण्याजोगी असली, तरी तिची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते. शौचावाटे रक्त जाणे म्हणजे मूळव्याधच, असे गृहीत धरून महिनोन्महिने घरगुती उपाय चालू राहतात, हेही तितकेच घातक होय.

तपासणीची सुरुवात रुग्णाच्या काढलेल्या गाठीपासून होते. प्रयोगशाळेत मेणाच्या ठोकळ्यात जतन केलेल्या तुकड्यावर विशिष्ट रंजनप्रक्रिया करून वरील जनुकांची प्रथिने तेथे आहेत की नाहीत, हे पाहिले जाते, म्हणून तो ठोकळा आणि त्याचा अहवाल कुटुंबाने सांभाळून ठेवावा. प्रथिन गायब दिसल्यास पुढची पायरी बहुधा रक्तातील जनुकचाचणीची असते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात आणि त्याच्याशी संलग्न असलेल्या खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेत आनुवंशिक कर्करोगाविषयी समुपदेशन मिळते.

दोष सापडलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. ज्यांना तो मिळाला, त्यांची साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केली जाते आणि आतड्यातले कोंब कर्करोग होण्याआधीच काढून टाकता येतात. मुलेबाळे झालेल्या स्त्रियांना गर्भाशय व अंडाशय काढण्याचा पर्यायही सुचवला जातो. कुटुंबातला दोष नेमका ठाऊक असताना ज्या भावंडाच्या रक्तात तो आढळत नाही, त्याला या वारंवार होणाऱ्या तपासण्यांची गरज उरत नाही आणि त्याच्या मुलांकडेही तो दोष त्याच्याकडून जात नाही.