झेंडा फडकल्यानंतरची गोष्ट

दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, गावोगावच्या शाळांत नाटुकलं होतं. पोरं रझाकार होऊन गावावर चालून येतात, शेवटी झेंडा फडकतो, टाळ्या पडतात. याच विषयावर 2015 मध्ये ‘रझाकार’ हा मराठी चित्रपट आला, 2024 मध्ये त्याच नावाचा तेलुगू. बचत गटाच्या बैठकीत त्यावर बोलणं निघतंच, म्हणून आज आम्ही हाच विषय घेतलाय.

रझाकारांचा जुलूम खोटा नव्हता. त्यांचा पुढारी कासीम रझवी लातुरात वकिली करायचा, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. लूट, जाळपोळ, बायकांची विटंबना, सगळं आपल्या आज्ज्यांच्या पिढीनं सोसलं. ते दाखवलंच पाहिजे.

पण पडद्यावर बाई दिसते ती बहुतेक वेळा किंचाळताना. जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके शस्त्र घेऊन लढल्या, हे किती पोरींना माहीत आहे? दुसरं, रझाकार म्हणजे सगळे मुसलमान, असं पोरांच्या मनात बसतं. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला.

आणि झेंडा फडकल्यानंतर काय झालं? ते पाहायला दिल्लीहून पंडित सुंदरलाल यांची समिती आली. तिच्या अंदाजानं संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवणारे हिंदूही तेव्हा होते. नाटुकल्यात यातलं काहीच येत नाही.

श्याम बेनेगल यांच्या 1975 च्या ‘निशांत’मध्ये जुलमी जमीनदारावर गाव उठतं. आपण मनानं गावाच्या बाजूनं असतो. पण त्या गर्दीच्या हातून घरातली निष्पाप सून रुक्मिणीही मरते. राग खरा असला तरी तो कुणावर पडेल याचा नेम नसतो, हे तो चित्रपट लपवत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या गटांत सावित्रीही आहे आणि शबानाही. दोघी एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतात. चित्रपट पाहून उठल्यावर शबानाला मान खाली घालावी लागत असेल, तर ती गोष्ट अर्धीच सांगितली गेली असं समजा.

यंदा एक काम करू. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या पोरी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याजवळ बसा, ऐका, लिहून ठेवा. पुढचं नाटुकलं त्यावरून बसवू.