ताप अंगावर काढू नका
(बंगळूर येथे केलेले भाषण)



१९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएंझा उतरला आणि रेल्वेच्या वाटेने देशभर पसरला. एक कोटीहून अधिक माणसे दगावली. २०२० साली कोरोनाने तोच धडा पुन्हा दिला.

फ्ल्यूचा विषाणू खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून आणि हातांवाटे पसरतो. रनिंग रूमच्या बंद खोलीत, आर.एम.एस.च्या सॉर्टिंगला, एकाचा ताप चौघांना लागतो. लागण झाल्यावर साधारण दोन दिवसांत एकाएकी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला सुरू होतो. त्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस रोगी इतरांना रोग देऊ शकतो.

आम्हीही तापाची गोळी घेऊन ड्यूट्या केल्या आणि त्यात मर्दुमकी मानली. ती चूक होती. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. विश्रांती घ्या, भरपूर पाणी प्या. दम लागला, छातीत दुखले, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. खिडक्या उघडा, साबणाने हात धुवा, शिंकताना रुमाल धरा. मधुमेही, गरोदर स्त्रिया व वृद्धांनी दरवर्षीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

गोळीशिवाय ताप उतरून पूर्ण एक दिवस जाईपर्यंत कामावर येऊ नका. माणसे कमी म्हणून एकाला सिक घेऊ न देणारा साहेब आठवड्यात चौघे गमावतो, हे आम्ही प्रत्येक बैठकीत मांडू. रिकाम्या जागा भरा, ही मागणी आरोग्याचीही मागणी आहे.