मुलांची साखर आणि आपली वही

आमच्या गटातल्या एका ताईंच्या नऊ वर्षांच्या मुलीला मधुमेह निघाला, आणि तिच्यासोबत आम्ही सगळ्याजणी ग्लुकोमीटर वापरायला शिकलो. आज त्याबद्दलच बोलणार आहोत.

जास्त वजनाच्या मुलांत मोठ्या माणसांसारखा टाइप २ मधुमेह दिसू लागला आहे. पण या मुलीला आहे तो टाइप १. यात शरीरात इन्सुलिन तयारच होईनासं होतं. जास्त गोड खाल्लं म्हणून तो होत नाही, आईचा तर त्यात काहीच दोष नाही. १९२२ साली टोरांटोत १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. तेव्हा कुणी काढा हातात देऊन 'सुई बंद करा' म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

साखर रोज तपासावी लागते. जेवणाआधी, झोपताना, आजारपणात त्याहून जास्त वेळा. पट्ट्या महाग, म्हणून ताई दिवसाआड तपासायच्या. गटातून पट्ट्यांसाठी कर्ज द्यावं का, यावर आमच्यात चांगलाच वाद झाला. शेळीला कर्ज चालतं, मग लेकराच्या पट्टीला का नको? शेवटी दिलं.

तपासण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. गूळ किंवा आंबा हाताळलेल्या बोटावर आकडा खोटाच जास्त येतो. बोटाच्या टोकावर मधोमध टोचू नका, कडेला टोचा, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली डबीत घालून ओल्या मडक्यात, सावलीत ठेवा.

आकडा वहीत लिहा. वेळ, किती युनिट दिले, काय खाल्लं, सगळं. डॉक्टर डोस ठरवतात तो या वहीवरून. आकडा वाढला म्हणून मुलीला रागावू नका, नाहीतर उद्या ती खोटा आकडा सांगेल.

साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, हात थरथरतात, मूल उगाच चिडतं. लगेच दोन-तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून पाजा, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. सावरल्यावर पोळी किंवा भाकरी द्या. आपल्या मुलाला नेमकी किती साखर द्यायची, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

याउलट साखर खूप वाढली, उलट्या, पोटदुखी, धाप सुरू झाली, तर तडक दवाखाना गाठा. मूल जेवलं नाही म्हणून आपल्या मनाने इन्सुलिन बंद करू नका.

आता शाळेचं. 'मुलीची जात, उद्या लग्नात आडवं येईल' म्हणून ताईंनी शाळेत सांगितलंच नव्हतं. सासूबाईंचीही तीच ताकीद होती. पण वर्गात साखर उतरली तर बाईंना वाटणार, पोरगी पेंगतेय! आम्ही दोघी-तिघी ताईंसोबत शाळेत गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कागदावर उतरवलं. त्यांच्या टेबलाच्या खणात आता साखरेची डबी असते, आणि कवायतीआधी मुलीला बिस्किट खायला परवानगी आहे. बाकावरच्या मैत्रिणीलाही डबी कुठे आहे ते ठाऊक आहे.